गाडीची छावणी

जानेवारीतली सकाळ, आठ वाजलेले. उज्जैनमधल्या माधवनगरातल्या आमच्या घराच्या ओट्यावर ऊन नुकतंच उतरलंय. आई तुळशीला पाणी घालतेय आणि माझ्या हातातल्या फोनवर दादा दिसतोय. मिशिगनमध्ये आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेत. त्याच्या डोक्यावर लोकरीची टोपी आहे, अंगात जाडजूड जॅकेट, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागच्या भिंतीला बर्फ ओढायचं फावडं टांगलेलं. गाडी बंद आहे. किल्लीसुद्धा गाडीत नाही, आत स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आहे.

"काय करतोयस?"

"बसलोय."

"कधीपासून?"

"जेवण झाल्यापासून."

एवढं बोलून तो क्लच दाबतो आणि गिअर पहिल्यातून दुसऱ्यात टाकतो. तो बारीकसा ‘खट्’ मला ऐकू यावा म्हणून फोन खाली धरतो. मला तो ऐकू येतो.

दादाची गाडी म्हणजे लाल रंगाची जुनी माझदा एमएक्स-५. दोनच माणसं बसतील एवढी, छप्पर हातानं मागे दुमडता येईल अशी, आणि दिवे लावले की डोळे उघडावेत तसे बॉनेटमधून वर येणारे. दिवाळी आटोपली की ती गॅरेजमध्ये जाते आणि रामनवमीच्या सुमारास बाहेर येते. मधले पाच महिने ती एक फूटही हलत नाही. त्यानं ती घेतली त्या वर्षी आईनं सरळ विचारलं होतं, "अरे, निम्मं वर्ष जी चालवताच येत नाही, ती गाडी ठेवायची कशाला?"

दादा म्हणाला, "आई, तू पैठणी वर्षातून किती दिवस नेसतेस?"

आई गप्प झाली, कारण उत्तर तिला ठाऊक होतं. नेसते दोन दिवस, पण ती पैठणी तिच्याजवळ वर्षभर असते. मलमलच्या कापडात गुंडाळलेली. दर दोन-तीन महिन्यांनी ती काढायची, ऊन नव्हे पण वारा दाखवायचा, आणि जुन्या घडीवर जर तुटू नये म्हणून घडी बदलून पुन्हा ठेवायची. ते करताना आई दार लोटून घेते आणि तिला हाक मारलेली आवडत नाही. दादाचं गॅरेज हे तसंच दार आहे, हे मला त्या दिवशी कळलं. हा लेख त्या दाराआडच्या महिन्यांबद्दल आहे.

मिठावर वसलेलं शहर

थंडीत गाडी आत का ठेवायची, तर बर्फापेक्षा मिठासाठी. रस्त्यावरचं पाणी शून्य अंशाला गोठतं. मीठ टाकलं की त्याचा गोठणबिंदू खाली उतरतो आणि रस्ता निसरडा व्हायचा राहतो. म्हणून बर्फ पडायच्या आधीपासूनच रस्त्यांवर मिठाच्या गाड्या फिरायला लागतात. पण खारट पाण्यातून वीज चांगली वाहते, आणि लोखंड गंजणं ही मुळात विजेचीच घडामोड आहे. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडतात, पाणी आणि हवा मिळून ते घेतात, आणि मधला रस्ता मीठ मोकळा करून देतं. गाडीच्या पोटाखाली, दारांच्या तळाशी, चाकांवरच्या कमानींच्या आतल्या बाजूला हे पाणी साचतं. पाच-सहा हिवाळ्यांत तिथं बोट जाईल एवढी भोकं पडतात.

डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवर, मिठाची खाण आहे. १९१० च्या सुमारास ती सुरू झाली आणि आजही तिथलं मीठ रस्त्यांवर पडतं. ज्या शहरानं जगाला मोटारी दिल्या, त्याच्याच पायाखाली मोटारींना खाणारं मीठ आहे. दादा पहिल्यांदा तिथं गेला तेव्हा त्यानं हे मला फोनवर सांगितलं होतं, आणि त्याच्या आवाजात थोडी भीती होती.

म्हणून अशा गाड्या मीठ पडायच्या आत गॅरेजमध्ये जातात. त्या दिवशी सकाळी अंगणात गाडी पोटाखालूनसुद्धा धुवायची, कारण मीठ अंगावर घेऊन उबदार गॅरेजमध्ये उभी राहिलेली गाडी बाहेरच्या थंडीतल्या गाडीपेक्षा लवकर गंजते. उष्णता वाढली की गंजण्याचा वेगही वाढतो. मग कोरडी करायची, मेण लावायचं, आणि शेवटची एक फेरी मारून गरम इंजिनानिशी आत आणायची.

आमच्या घरातला पावसाळा

दादाला हे कोणी शिकवावं लागलं नाही. माधवनगरातल्या आमच्या घराला बाबांनी बांधून घेतलेली एक खोली आहे. तिला घरात सगळे ‘मोटारघर’ म्हणतात. त्यात १९८३ साली घेतलेली, आमच्याआधी दोन घरं फिरून आलेली पद्मिनी उभी असायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर कंपनी, तिचा कुर्ल्याचा कारखाना, १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा. बाबा कॉलेजात शिकवायला सायकलवर जायचे. गाडी इंदूरला, ओंकारेश्वरला, लग्नकार्याला.

आमच्या माळव्यात हिवाळा म्हणजे गाडी चालवायचे दिवस. आकाश स्वच्छ, रस्ता कोरडा, दोन्ही बाजूंना हरभरा आणि गहू. आमच्याकडे गाडी आत जायची ती पावसाळ्यात. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी चिकटते की मडगार्ड भरून जातं. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि तिला भेगा पडतात. मोटारघराची फरशी त्यामुळेच दर दोन-तीन वर्षांनी एका कोपऱ्यातून उचलली जायची. आषाढ लागला की बाबा बॅटरीची तार सोडायचे, पुढच्या-मागच्या चाकांना विटा लावायचे, हँडब्रेक सैल करायचे आणि आईच्या जुन्या सुती चादरी शिवून केलेलं कव्हर घालायचे. प्लॅस्टिक घालायचं नाही, हा त्यांचा नियम. "तिला श्वास घेता आला पाहिजे," असं ते म्हणायचे.

त्या चार महिन्यांत मोटारघर आमचं होतं. बाहेर श्रावणसर, पन्हाळीतून पडणारं पाणी, आणि आत चादरीखाली मिणमिणता उजेड. दादा ड्रायव्हरच्या जागी, मी शेजारी. तो दांडा वरखाली करत देवासचा नाका, मग शिप्रा गाव, मग इंदूर अशी गावांची नावं मोठ्यानं घ्यायचा. मी खिडकीतून माणसांना हात करायची. रेक्झिनचा, जुन्या पेट्रोलचा आणि ओल्या भिंतीचा मिळून झालेला तो वास मला आजही कुठंही आला तरी पाऊस आठवतो. त्या गाडीतून आम्ही जेवढे खरोखर हिंडलो, त्याहून कितीतरी जास्त त्या चादरीखाली हिंडलो.

पागेतले महिने

पुढे मराठ्यांच्या इतिहासावरची पुस्तकं वाचताना मला बाबांच्या त्या विटा आणि चादरी पुन्हा भेटल्या. मराठी फौजा पावसाळ्यात मोहीम थांबवून छावणीला जात. नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या, तोफा रुतणार. मग घोडी पागेत बांधायची, त्यांचे खूर बघायचे, नाल काढून नवे ठोकायचे, जखमा भरून येऊ द्यायच्या, रोज खरारा करायचा, चंदी मोजून द्यायची. दसऱ्याला शस्त्रं पुजायची, सीमोल्लंघन करायचं आणि पुन्हा निघायचं. ज्या शिंदे-होळकरांनी उज्जैन आणि इंदूर वाढवलं, त्यांची सगळी ताकद घोड्याच्या पाठीवर होती. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, तोही घोड्यावरचा देव.

शिवछत्रपतींचं एक पत्र या बाबतीत मला फार मोलाचं वाटतं. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्या लष्करी अंमलदारांना ते लिहिलेलं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळली तर भर पावसात काहीच मिळणार नाही आणि घोडी मरतील, असं ते बजावतात. मग शिपाई रयतेच्या घरात शिरतील, तेही होता कामा नये. आणि पुढे एक बारीक सूचना आहे. रात्री दिवा तसाच जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी जातील. राज्य उभारणारा माणूस पागेतल्या उंदराचा विचार करतोय. थांबलेल्या काळात काय नासतं, कशानं नासतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

मी हे पत्र दादाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून गाडीच्या मागे गेला आणि सायलेन्सरच्या नळीच्या तोंडात बसवलेला पोलादी काथ्याचा बोळा त्यानं मला दाखवला. उंदरानं नळीत घर करू नये म्हणून. एअर फिल्टरच्या तोंडालाही जाळी. हिवाळ्यात उंदराला ऊब आणि वायरींची साल दोन्ही हवं असतं. साडेतीनशे वर्षं आणि अर्धं जग ओलांडूनही पागेची काळजी तीच राहिली आहे.

त्या माझदाच्या जन्मकथेतही घोडा आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिचे मुख्य अभियंते तोशिहिको हिराई. गाडी कशी असावी हे ठरवताना त्यांच्या चमूनं एक जपानी शब्द धरला होता, ‘जिन्बा इत्ताई’. घोडा आणि स्वार यांचं एक शरीर होणं. ताकद अफाट नको, १६०० सीसी पुरे. वजन हजार किलोच्या आत हवं, आणि हातानं सांगितलेलं चाकानं ऐकायला हवं. २०१६ च्या एप्रिलमध्ये या गाड्यांची संख्या दहा लाखांवर गेली. दोन आसनी, उघड्या छपराची स्पोर्ट्‌स कार इतक्या संख्येनं दुसरी कुठलीच विकली गेली नाही. शिलेदार आपल्या घोड्याबद्दल जे बोलला असता, ते हिराईंच्या त्या शब्दात आहे, असं मला वाटतं.

माधवराव आणि यशवंतराव

आमच्या वस्तीचं नाव ज्यांच्यावरून पडलं, ते ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. उज्जैन त्यांच्या राज्यात होतं. रेल्वेच्या पलीकडे त्यांनी नवी, आखीव रस्त्यांची वस्ती वसवली. व्यापाऱ्यांना तिथं कर माफ होता म्हणून तिला फ्रीगंज म्हणायला लागले, असं जुनी माणसं सांगतात. टॉवर चौकात उभं राहिलं की आजही ती आखणी दिसते.

माधवरावांना यंत्रांचं विलक्षण वेड. ग्वाल्हेरची दोन फुटी छोटी रेल्वे त्यांच्या काळात वाढली. जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढे पेय आणि चिरूट घेऊन फिरणारी चांदीची आगगाडी आजही पाहायला मिळते. आणि मोटारींच्या इतिहासात त्यांचं नाव एका गाडीशी जोडलेलं आहे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची परीक्षा झाली. अंतर सुमारे ६२० मैल, वाटेत घाटामागून घाट. त्यात एक रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट उतरली होती, ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची. ती गाडी गाजली आणि माधवरावांनी ती विकत घेतली. सह्याद्रीच्या घाटांत कस लागलेली गाडी अशी शिंद्यांच्या घरी आली. ज्या घाटांतून त्यांच्या पूर्वजांची घोडी उत्तरेला निघाली होती, त्याच मुलखातून.

दुसरी गोष्ट इंदूरची. आमच्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर माणिकबाग आहे. दुसरे यशवंतराव होळकर १९२६ साली गादीवर आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. इंग्लंडमध्ये शिकताना त्यांची एकार्ट मुथेसिअस या तरुण जर्मन वास्तुकाराशी मैत्री झाली, आणि १९३० नंतरच्या तीन वर्षांत त्या दोघांनी मिळून माणिकबाग उभी केली. सरळ रेषा, धातू, काच, वातानुकूलन. आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए, रुलमान यांचं फर्निचर. युरोपात ज्या वस्तू नव्या होत्या त्या इंदुरात रोज वापरात होत्या.

याच माणसानं अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग कंपनीकडून एसजे जातीची चासी मागवली. आठ सिलिंडर एका ओळीत, सुमारे ६.९ लिटरचं इंजिन, त्यावर सुपरचार्जर, आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. तो काळ १९३५ चा. त्याच इंजिनाच्या धाकट्या-थोरल्या भावंडांनी १९२४, १९२५ आणि १९२७ साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकली होती. चासी लंडनला गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात गेली आणि तिथं तिच्यावर दोन आसनी उघडी काया चढली. लांबच लांब बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, रंग नारिंगी आणि काळा. जगात या घडणीची ती एकटीच.

आज ती गाडी भारतात नाही. यशवंतराव १९६१ साली गेले. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले आणि देशभरच्या मोटारखान्यांतून गाड्या निघून गेल्या. माणिकबागेतलं फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात विकलं गेलं. २०१९ साली पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयानं यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन भरवलं. माणिकबागेत आता केंद्र सरकारच्या करखात्याचं कार्यालय आहे. मी फाटकाबाहेरच उभी राहिले. इथल्या पावसाळ्यात ती नारिंगी-काळी गाडी आत कुठंतरी कोरडी उभी असेल, कुणीतरी रोज तिच्यावरून कपडा फिरवत असेल, असं वाटून गेलं. प्रदर्शनात, लिलावात, पुस्तकात त्या गाडीच्या मालकाचं नाव येतं. तिच्यावरून कपडा फिरवणाऱ्या हातांचं येत नाही. पण इतकी वर्षं ती टिकली, ती त्या हातांमुळे.

हात काय करतात

त्या हातांना काय काय ठाऊक असावं लागतं, हे मी दादाकडून आणि फ्रीगंजातल्या आमच्या उस्तादांकडून शिकले. उस्ताद बाबांच्या वेळेपासून आमच्या पद्मिनीचे वैद्य आहेत. दोघं जवळजवळ तेच सांगतात.

आत ठेवायच्या आधी ऑइल बदलायचं. बदललं जातं ते बाहेर काढताना, पण चूक तिथंच होते. वापरलेल्या ऑइलमध्ये जळालेल्या इंधनाची आम्लं आणि पाण्याचा अंश असतो. तो इंजिनाच्या पोटात पाच महिने बसला तर बेअरिंगला डाग पडतात.

टाकी काठोकाठ भरायची. रिकाम्या जागेतल्या हवेत बाष्प असतं, गारठ्यात ते टाकीच्या भिंतीवर थेंबांनी जमतं. हल्ली आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. फार पाणी शोषलं की ते पेट्रोलपासून सुटं होऊन तळाशी बसतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही त्यानं फुगतात. उस्ताद म्हणतात, "दीदी, पुरानी गाडी को पेट्रोल पिलाओ तो चलाओ भी. पिलाके सुला दिया तो बीमार पडेगी." दादा तिकडे पेट्रोल टिकवणारं औषध टाकीत घालतो आणि मग दहा मिनिटं इंजिन चालवतो, म्हणजे ते नळ्यांत शेवटपर्यंत पोचतं.

बॅटरी भरलेली ठेवायची. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मापक लावला तर १२.६ व्होल्ट दिसतात आणि तिच्यातलं आम्ल उणे पन्नासालाही गोठत नाही. रिकामी झालेली बॅटरी मात्र उणे सात-आठाला गोठून फुटू शकते, कारण तिच्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं. दादाची बॅटरी म्हणून एका छोट्या यंत्राला जोडलेली असते. ते तिला लागेल तेवढीच वीज देतं आणि भरली की थांबतं. त्याचा हिरवा दिवा हिवाळाभर जळतो. आई त्याला ‘गॅरेजातला नंदादीप’ म्हणते.

चाकांत हवा थोडी जास्त ठेवायची. एकाच जागी उभं राहून टायर खालून चपटा होतो, आणि मग एप्रिलमध्ये पहिल्या काही मैलांत गाडी लंगडल्यासारखी वाटते. हँडब्रेक ओढायचा नाही, नाहीतर ब्रेकचे पॅड चिकटून बसतात. बाबांच्या विटांचं काम तिकडे रबरी ठोकळे करतात. छप्पर वर ठेवायचं, दुमडायचं नाही. थंडीत त्याच्या मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीला घडीवर चीर जाते. आईच्या पैठणीचाच नियम.

आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे इंजिन चालू न करणं. अनेकांना वाटतं, आठवड्यातून पाच मिनिटं चालू केलं तर बरं. पण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपानं तयार होतं. इंजिन पूर्ण तापेपर्यंत चाललं नाही तर ते पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचून राहतं. चालवायचंच असेल तर बाहेर काढून अर्धा तास चालवा, नाहीतर हात लावू नका. बंद गॅरेजमध्ये तर कधीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि त्यानं माणूस झोपेतच जातो. म्हणूनच दादाची किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर असते.

एवढं सगळं केल्यावर उरतं ते बसणं. त्या बसण्यात तो काय करतो, हे मी हळूहळू पाहिलं. स्टिअरिंगच्या कातड्याला तेल चोळतो. दारांच्या रबरी पट्ट्यांवर बोट फिरवत जातो. एका डिसेंबरात त्यानं ड्रायव्हरच्या सीटखालचे चार बोल्ट काढले, घासले, ग्रीस लावून परत बसवले. त्याला तीन रात्री लागल्या. गाडी चालत असताना ती आवाजानं, वाऱ्यानं, वेगानं आपल्याला घेरून टाकते. थांबली की ती तपशिलात दिसते. कुठल्या माणसानं हा वळसा इथं का दिला असेल, हा स्क्रू या बाजूनंच का आत जातो, हे चालवताना कधी सुचत नाही. आपलं माणूस झोपलेलं असताना त्याच्याकडे निवांत बघावं, तसं हे आहे.

हल्ली कायद्यानंही हे ओळखलं आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी सुरू केली. त्यांच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला त्या नाहीत. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायच्या. म्हणजे या गाडीचं बहुतेक आयुष्य थांबलेलंच असणार आहे, आणि तरी ती गाडीच आहे, जपण्याजोगी आहे, हे नियमानं मान्य केलं.

सावलीची गती

दादाचं बसणं नीट समजावं म्हणून मी एके दिवशी वेधशाळेत गेले. माधवनगरातून रिक्षानं फार वेळ लागत नाही. जयपूरच्या सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बांधली आणि १९२३ साली तिची डागडुजी करवून घेतली ती त्याच माधवराव शिंद्यांनी. यंत्रांचं वेड असलेल्या राजाला हे दगडी यंत्र पडझडीत सोडवलं नसणार.

सम्राट यंत्राचा, म्हणजे तिथल्या सूर्यघड्याळाचा, दगडी कर्ण उत्तर ध्रुवाकडे रोखून उभा आहे. जवळजवळ तीनशे वर्षांत तो तसूभर हललेला नाही. बाजूच्या पाव वर्तुळाच्या कमानीवर त्याची सावली मात्र सरकत असते. मी तिथं अर्धा तास बसले. सावलीची कड एका खुणेवरून पुढच्या खुणेकडे गेली. पृथ्वी फिरते हे मला शाळेपासून माहीत होतं, पण ते दिसलं त्या दिवशी, कारण तो दगड आणि मी दोघंही थांबलो होतो. वेग कळायला एक स्थिर जागा लागते. दादाची ती जागा गॅरेजमध्ये आहे.

पाडव्याची संध्याकाळ

बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. पद्मिनी मोटारघरातच आहे. आषाढात मी तार सोडते, विटा लावते, चादर घालते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ती बाहेर येते. उस्ताद तार जोडतात, आई बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढते, झेंडूची माळ घालते आणि चाकापुढे नारळ फोडते. मग गाडी टॉवर चौकापर्यंत जाऊन येते. आमचं सीमोल्लंघन तेवढंच.

गेल्या काही वर्षांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. आमची गाडी छावणीतून बाहेर येते तेव्हा दादाची आत जायच्या तयारीत असते. आणि चैत्रात त्याची बाहेर पडते तेव्हा इकडे आषाढ फारसा लांब नसतो. दोन्ही घरं मिळून वर्षातले बहुतेक महिने एक तरी गाडी कुणाच्यातरी हातांखाली विसावलेली असते.

मागच्या पाडव्याला संध्याकाळी साडेसातला त्याचा फोन आला. तिकडे सकाळचे दहा वाजले होते. अंगणात मेपलची पानं पडलेली, आणि त्यानं नुकतीच गाडी धुऊन पुसून आत घेतली होती. आमच्या ओट्यावर पणत्या लागल्या होत्या. तो म्हणाला, "मोटारघरात जा ना जरा."

मी गेले. पद्मिनीचं दार उघडलं आणि शेजारच्या जागेवर बसले. ड्रायव्हरच्या जागी बसायचं सुचलंच नाही. फोन समोरच्या कप्प्यावर टेकवून ठेवला. पलीकडे तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. माझ्या उजव्या हाताला ती जागा रिकामी होती, तिथल्या रेक्झिनला बाबांच्या बसण्याचा खळगा पडलेला. कुणीच बोललं नाही. त्याच्याकडे हीटरची घरघर होती, माझ्याकडे लांबच्या फटाक्यांचे आवाज.

थोड्या वेळानं त्यानं क्लच दाबला आणि गिअर टाकला. मला ‘खट्’ ऐकू आलं.

"देवासचा नाका," तो म्हणाला.

मी खिडकीची काच खाली केली आणि हात बाहेर काढला.